नळीखालची नोट

आडेलार सिर यांनी आपल्या रायफलची किंमत सांगितली आणि क्लोव्हिस मिशोच्या मनात पाल चुकचुकली. किंमत फारच कमी होती.

"एवढीच?" त्याने विचारलं.

"जास्त द्यायचेत का? मी घेईन की." म्हाताऱ्याने कॉफीचा कप त्याच्याकडे सरकवला.

क्लोव्हिसला हसू आलं नाही. सिर म्हणजे सगळ्या खोऱ्यातला नावाजलेला चिकट माणूस. बटाट्याच्या हंगामात कुणाला रिकामं पोतं दिलं, तरी ते परत मागायला स्वतः जाणारा. असा माणूस आपली रायफल दुकानाच्या निम्म्या भावात का देतो?

पण रायफल तर हवीच होती. अमेरिकेतल्या मेन राज्यात मूसच्या शिकारीचा परवाना सोडतीने मिळतो. क्लोव्हिस लग्नाआधीपासून दर वर्षी अर्ज करत होता, आणि केस पांढरे झाल्यावर यंदा त्याचं नाव निघालं होतं. आता पुन्हा निघेल ही आशा नव्हती. आणि मूस म्हणजे सांबराच्या जातीचं, पण घोड्याहून उंच जनावर. नेम चुकला तर जखमी होऊन दलदलीत नाहीसं होतं. वडिलांची बंदूक आतून इतकी झिजलेली की गोळी कागदावर आडवी लागायची. छपराच्या दुरुस्तीने शिल्लक खाल्ली होती. दुकानात परवडणारी नवी रायफल एकच, आणि तिचा नळीखालचा प्लॅस्टिकचा दस्ता चिमटीत दाबला तरी वाकायचा. गोळी आत सारायचा बोल्ट सैल दातासारखा हलायचा.

त्याने सिर यांची रायफल हातात घेतली. बोल्ट ओढला, तो अलगद मागे आला. मग पूर्ण बाहेर काढून त्याने नळी खिडकीकडे धरली. आतल्या वळत गेलेल्या खाचा पार तोंडापर्यंत चकचकीत होत्या. तोंडाची कड त्याने बोटाने चाचपली. कुठे ओरखडा नाही.

"तिचे दात मोजायचे राहिले," सिर म्हणाले.

दोघे खडीच्या खाणीत गेले. क्लोव्हिसने शंभर यार्डांवर कागद लावला आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं बाटलीच्या एका झाकणाखाली लपली असती. त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"काका, खरं सांगा. हिच्यात खोट काय आहे?"

"आत्तापर्यंत नव्हती. आता तू घेतोयस." मग सिर यांनी विचारलं, "शिकारीला बरोबर कोण येणार तुझ्या?"

'मांसात वाटा हवाय म्हाताऱ्याला,' क्लोव्हिसने मनात नोंद केली. "ठरलं नाही अजून," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गोळ्या घ्यायला तो दुकानात गेला. कुणाची रायफल घेतली ते ऐकून दुकानदार म्हणाला, "नोट सरकवून बघितली का? नळी आणि लाकूड यांच्यात डॉलरची नोट घालायची. टोकापासून मागेपर्यंत सरकली पाहिजे. अडली तर समजायचं, लाकूड नळीला ढकलतंय. नेमाचं वाटोळं!"

घरी येताच क्लोव्हिसने नोट काढली. ती टोकापाशीच अडली.

"सापडलं!" तो ओरडला. "जॅनिन, बघ! मला वाटलंच होतं."

त्याची बायको चुलीवर प्लॉय, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, घालत होती. "काय सापडलं?"

"इथे लाकडाला उंचवटा आहे. थेरड्याने लपवलं."

"गोळ्या नीट लागल्या ना पण?"

"काल लागल्या. परवा लागतील का?"

"तुला ना, बहिणीने पाठवलेली अंडीसुद्धा पाण्यात बुडवून बघायची असतात," जॅनिन म्हणाली.

त्याने दस्ता सोडवला आणि पॉलिश पेपरने तो उंचवटा घासून सपाट केला. आता नोट कशी झोकात सरकली! त्याच समाधानात तो खाणीत गेला. पहिली गोळी वर लागली, दुसरी डावीकडे, तिसरी कागदावर नव्हतीच. आणखी तीन झाडल्या. जेवणाच्या ताटातही ती भोकं मावली नसती.

तो तडक सिर यांच्या दारात उभा राहिला. "काका, तुम्ही मला फसवलंत!"

सिर यांनी दस्ता सोडवला. टोकाशी अंगठा फिरवला. उघड्या, फिकट लाकडावर तो थांबला.

"हे कुणी केलं?"

"मी. नळीला टेकत होतं ते."

"टेकवलंच होतं, गाढवा! पातळ नळी आहे. टोकाशी आधार राहावा म्हणून कारखान्यानेच ठेवला होता तो उंचवटा. कुणी सांगितलं तुला हे?"

"दुकानदाराने."

"माझा संशय आला, माझ्या रायफलचा आला. ज्याला तुला नवी विकायची होती, त्याचा नाही आला?"

हंगाम तोंडावर आला होता आणि रायफल क्लोव्हिसने स्वतःच्या हाताने बिघडवली होती.

सिर यांनी दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, दुमडला, टोकाशी नळीखाली बसवला आणि स्क्रू आवळले. दोघे पुन्हा खाणीत गेले. पहिल्यांदा भोकं मुठीएवढ्या जागेत आली. सिर यांनी आणखी एक घडी घातली. या वेळी तिन्ही एकमेकांना चिकटली. झाकणाखाली नसती मावली, पण कपाच्या तोंडात सहज मावली असती.

"मूसला एवढं पुरे," सिर म्हणाले.

"मग इतकी स्वस्त का दिलीत, काका?"

म्हातारा कागदाकडेच बघत राहिला. "मीही अर्ज करतो दर वर्षी. तुझ्याही आधीपासून. नाही निघालं नाव. आता लांबचं नीट दिसत नाही. म्हटलं, मी नाही तर रायफल तरी शिकारीला जाईल."

क्लोव्हिसने कागद काढून घडी केली. परवान्यावर दुसऱ्या शिकाऱ्याचं नाव घालता येतं. ती जागा अजून रिकामीच होती.

"तुमचं नाव देतो," तो म्हणाला. "पण अर्धं मांस मिळणार नाही हां!"

"मी मागितलं का?"

"नाही ना! म्हणून तर शंका येते."

"शंका गाडीत बसून काढ," सिर म्हणाले आणि रायफल त्याच्या हातात देऊन स्वतः आधी जाऊन बसले, पुढच्या सीटवर.