न टाकलेली चिठ्ठी

ए, थांब की जरा! इकडे, डेअरीच्या, म्हणजे या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, काचेत बघ. दुधाच्या क्रेट्सशेजारी बसलेली ती लाकडी पेटी, तीच मी. बोलतेय मी, घाबरू नकोस. घाबरायचं पुढे आहे.

ऑकलंडमधल्या चार रिटायर्ड आजोबांनी मला जुन्या कपाटाच्या फळ्यांतून ठोकून काढलं. डोक्यावर एक फट ठेवली आणि लायब्ररीत नेऊन बसवलं. लोकांनी मत लिहायचं, फटीतून टाकायचं, शुक्रवारी लोकल बोर्डाच्या सीनाबाईंनी कुलूप उघडायचं, असा माझा जॉब. लोक काय काय टाकायचे! च्युइंगम. बसची तिकिटं. एकाने तर हरवलेल्या जँडलची, म्हणजे स्लिपरची, तक्रार टाकली होती, एका पायाची.

२०१६ मध्ये बोर्डाने विचारलं, लायब्ररीसमोर झेब्रा क्रॉसिंग हवं का? रवींद्रकाका पुण्याचे, इंजिनियर. ते आले गणपतीच्या जेवणाला बोलावायच्या माणसांची जुनी यादी घेऊन आणि बसले एकेका नावाने चिठ्ठ्या भरत.

त्यांची सिद्धी बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच.

"बाबा, दॅट्स चीटिंग!"

"चीटिंग कसलं गं? आपलीच माणसं आहेत."

"डिड यू आस्क देम?"

"विचारायचं काय त्यात? क्रॉसिंग नको कोण म्हणेल?"

"बट वी क्रॉस बाय द डेअरी! रोज! स्कूलला जाताना!"

"फॉर्मवर लायब्ररी छापलंय ना? मग लायब्ररी."

एकतीस चिठ्ठ्या कोंबल्या माझ्या घशात. पोट टम्म.

गुरुवारी भर दुपारी लायब्ररी माणसांनी भरलेली होती. माझ्याजवळ कोणी आलं नाही. फटीवर सावलीसुद्धा पडली नाही. तरी घास आत पडला. ओला, बर्फासारखा गार. बाकीच्या एकतीस चिठ्ठ्या सरकून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. आईशप्पथ, मी हललेसुद्धा नव्हते.

शुक्रवारी सीनाबाईंनी मला उघडलं. एकाच अक्षरातला गठ्ठा बघून हसल्या. "एका माणसाची एकच चालते. ह्या सगळ्या बाद." मग ती ओली चिठ्ठी उचलली आणि पटकन हात झटकला. मराठी होती. काका सिद्धीला घेऊन पुस्तकं परत करायला आलेच होते, त्यांना बोलावलं.

काकांनी मोठ्याने वाचलं, "रवी, माझ्या नावाने लिहू नकोस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. क्रॉसिंग डेअरीसमोर हवं. पोरं तिथून जातात. मी तिथेच पडलो. पुरुषोत्तम."

काकांनी खिशातून यादी काढून शेजारी धरली. यादी पुरुषोत्तमआजोबांनीच लिहिलेली, दोन वर्षांपूर्वी, स्वतःच्या नावासकट. अक्षर तेच. 'ष'चं पोट तसंच फुगलेलं.

"हे कोण? इथेच राहतात?" सीनाबाईंनी विचारलं.

नुसतं हो म्हटलं असतं तर चिठ्ठी मोजली गेली असती. काकांनी सिद्धीकडे बघितलं.

"राहायचे. गेल्या वर्षी काठी टेकत दूध आणायला निघाले आणि डेअरीसमोर गाडीने उडवलं. गेले."

"मग ही कोणी टाकली?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कप्पाळ?

"मेलेल्या माणसाचं मत मला धरता येत नाही," सीनाबाई हळूच म्हणाल्या. "सोमवारी मुदत संपते."

काकांनी कोऱ्या चिठ्ठ्या उचलल्या. शनिवार-रविवार बापलेक दारोदार फिरले. सिद्धी बेल वाजवायची, "किया ओरा! व्हेअर डू यू क्रॉस द रोड?" काकांनी मध्ये बोलायचं नाही असं ठरलेलं. एका बाईने चहा दिला, एका म्हाताऱ्याने कुत्रा सोडला. सोमवारी माझ्यात बेचाळीस चिठ्ठ्या पडल्या, बेचाळीस अक्षरांतल्या. अडतीसांनी लिहिलं होतं, डेअरीसमोर.

२०१८ मध्ये डेअरीसमोर पट्टे रंगवले. तोवर मतं वेबसाइटवर मागायला लागले होते, म्हणून लायब्ररीने मला काढून टाकलं. डेअरीवाल्याने उचलून इथे ठेवलं. फटीवर माशी बसते आता. पण समोरचं सगळं दिसतं. सकाळी सिद्धी पट्ट्यांवरून आरामात जाते, मागे दहा-बारा पोरं. स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास.

नंतर रस्ता रिकामा होतो. तेव्हाही कधीकधी गाड्या थांबतात. पट्ट्यांवर कोणी नसतं. तरी ड्रायव्हर थांबून राहतो, काठी टेकत जाणाऱ्या माणसाला लागेल तेवढा वेळ. मग हात करतो आणि निघतो.

तर बाबांनो, कोणाला काही विचारायचं असेल तर चालता-बोलता असतानाच विचारा. नंतरही उत्तर येतं. पण आत घेताना फार गार लागतं हो.