कडू कुटकीचा जळफळाट

मी कुटकी. नाव वाचूनच तोंड वाकडं झालं असेल, तर समजा निम्मा गुण आला. मी आहेच तशी कडू. जिभेच्या टोकाला लागले तरी माणसाला आपली जुनी पापं आठवतात.

जन्म माझा हिमालयात, इतक्या वर की तिथे ढग चरायला खाली जातात. एकदा एका अस्वलाने मला चुकून चावलं. ते चूळ भरायला नदीवर गेलं, तर पुढची दहा गावं त्या नदीचं पाणी कडू लागत होतं. खोटं वाटतं? जा, विचारा अस्वलाला.

पुढे डोंगरावर माणसं आली. त्यांनी मला मुळासकट उपटलं, वाळवलं, पोत्यात कोंबलं आणि दिल्लीच्या खारी बावलीत, मसाल्यांच्या बाजारात, आणून टाकलं. नशीब बघा, जागा मिळाली ती वेलदोडा आणि दालचिनीच्या मधोमध! गिऱ्हाईक यायचं, वेलदोडा नाकाला लावायचं आणि डोळे मिटून घ्यायचं. मला उचलायचं, हुंगायचं आणि हात पुसायचं. जळणं म्हणजे काय, ते मला तिथेच कळलं.

मग एक दिवस देवयानी आली. कपाळावर घाम, खांद्याला पिशवी, आणि हिंदीत मराठी हेल.

"भैया, लिव्हर के लिए कुटकी है क्या? अस्सल चाहिए हां."

"एक नंबर माल है बहनजी. लिव्हर बिल्कुल नया हो जाएगा."

थापा मीही मारते, पण त्या दुकानदारापुढे मी अजून बालवाडीत आहे. देवयानीने मात्र विश्वास ठेवला. वेलदोड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्या क्षणी मी तिची झाले.

गाझियाबादच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मला काचेची बरणी मिळाली. देवयानीचा नवरा श्यामकांत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. पोट थोडं पुढे, स्वभाव त्याहून पुढे. कुणालाही नाही म्हणता येत नाही. मुलगी क्षिप्रा दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे तिची मराठी रिक्षासारखी, मध्येच हिंदीच्या गल्लीत वळायची. आणि आतल्या खोलीत श्यामकांतची धाकटी बहीण अपूर्वा. ती सांगलीहून आली होती, उपचारांसाठी. तिचे डोळे पिवळे झाले होते आणि दोन पावलं चालली की ती भिंतीला हात लावायची.

अपूर्वाचं लिव्हर संपत आलं होतं. न पिता, न खाता, कसल्याशा आजाराने. डॉक्टर म्हणाले होते, घरच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा. तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. श्यामकांतचा जुळला.

"दादा, यंदा भाऊबीजेला साडी नको," ती म्हणाली होती. "थेट लिव्हरच घाल ओवाळणीत."

"मापाचं बसेल का बघ. माझं एक्सएल साइज आहे."

खरी अडचण तीच होती. श्यामकांतच्या लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टर विनय म्हणाले, "वजन कम कीजिए, रोज चलिए, फिर देखते हैं."

आता, सरकारी नोकरीत उभा जन्म काढलेल्या माणसाला 'फिर देखते हैं' म्हणजे काय ते नीट ठाऊक असतं. फाईल तळघरात! श्यामकांत घाबरला. चालून चरबी कधी उतरणार आणि अपूर्वा तोवर थांबणार का? म्हणून देवयानीने मला आणलं. लिव्हरला कुटकी चांगली, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं.

काय सांगू तुम्हाला ते दिवस! पहाटे रिकाम्या पोटी पहिला मान माझा. देवयानी मला खलबत्त्यात कुटायची, कोमट पाण्यात ढवळायची. श्यामकांत डोळे मिटून एका घोटात घ्यायचा आणि मग तोंडाचा असा काही नकाशा करायचा की क्षिप्रा त्याचे फोटो काढायची.

"पापा, एकदम गार्गॉइल, यार! चर्चवरचा दगडी राक्षस!"

"हे तुझ्या आत्यासाठी चाललंय. हसू नकोस."

मी मात्र बरणीत ताठ बसायचे. या घराचं भवितव्य माझ्या हातात आहे, असं मला वाटायचं. मुळांना हात नसतात, ही गोष्ट वेगळी.

आणि मग ऑफिसला कळलं.

दिल्लीच्या सरकारी ऑफिसात अख्खा भारत बसलेला असतो आणि प्रत्येक टेबलाखाली गावाकडचं एक रामबाण औषध. मिश्राजींनी गुळवेलीची ताजी कांडी आणली, कडुनिंबावर चढलेली. "नीमवाली गिलोय है सर, सोने पे सुहागा." पिल्लै मॅडमच्या भाच्याने हिरव्या चहाच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या. नेगी साहेबांनी हळदीच्या गोळ्या दिल्या, मिरी घातलेल्या. वरच्या मजल्यावरच्या शिवांगीने अमेरिकेहून मिल्क थिसलची बाटली आणून दिली.

श्यामकांतने एकालाही नाही म्हटलं नाही. मिश्राजी रोज विचारायचे, "ली ना सर?" तोंडावर खोटं कसं बोलायचं? म्हणून तो खरंच घ्यायचा. सगळ्यांचं. एकामागून एक. सगळ्या खात्यांच्या सह्या झाल्याशिवाय फाईल पुढे जात नाही, तसं त्याचं पोट.

माझ्या फळीवर गर्दी झाली. तुमच्या घरात सवत आली असती तर तुम्ही काय केलं असतं? माझ्याकडे तर चार आल्या.

गुळवेलीचं एक वेळ सोडा, ती आमच्यातलीच, गावठी. पण ती मिल्क थिसल! पांढरीशुभ्र बाटली, सोनेरी टोपण, बाटलीवर जांभळ्या फुलाचं चित्र. अगं बाई, तू मुळात काटेरी झुडूप. आमच्याकडच्या उंटकटाऱ्याची लांबची चुलत बहीण. विमानात बसलीस म्हणून लगेच मॅडम? आणि हळद! ती तर आधीच घरची, भाजीत आहे, लग्नात आहे, जखमेवर आहे. एवढं सगळं मिळूनही तिला कॅप्सूलचा झगा घालून माझ्याच शेजारी येऊन बसायचं होतं. हावरटपणाला काही सुमार?

सगळ्यात झोंबलं ते हे की कॅप्सूल गिळताना श्यामकांत तोंड वाकडं करायचा नाही. सरळ गिळायचा, पाणी प्यायचा, पेपर उघडायचा. माझ्यासाठी एवढी तपश्चर्या करावी लागायची, आणि त्यांच्यासाठी काहीच नाही. हळूहळू पहिला मानही गेला. देवयानीला कुटायला वेळ होईना. मी आधी दुसरी झाले, मग तिसरी, मग 'अहो, आज कुटकी राहिली, उद्या घ्या' झाले.

मी मनातल्या मनात शाप दिले. बुरशी लागो, टोपण हरवो, एक्सपायरी उलटो. माझ्या शापात दम असता तर अमेरिकेतली काटेरी शेतं त्याच आठवड्यात सुकली असती.

पुन्हा रक्ततपासणी झाली. सगळ्यांना वाटलं होतं, आता तारीख मिळणार. अपूर्वाने तर सांगलीला फोन करून मुलाला सांगूनही टाकलं होतं. श्यामकांत घरी आला तो बूट न काढता खुर्चीत बसला.

"वाढलंय," तो म्हणाला. "लिव्हरचं ते एसजीपीटी तिप्पट झालंय. चरबी कमी झालीय, पण लिव्हरला सूज आहे. ऑपरेशन पुढे ढकललं."

अपूर्वा दारात उभी होती. भिंतीला हात लावून.

"असू दे दादा," ती म्हणाली. त्यावर विनोद नाही, टोमणा नाही. मी तिला बडबडतानाच ऐकलं होतं.

"पण कशामुळे?" देवयानी म्हणाली. "तुम्ही तर दारूच्या दुकानासमोरूनही जात नाही!"

"डॉक्टरांनी तेच विचारलं. कोई दवाई लेते हो? मी म्हटलं, एकही नाही."

क्षिप्राने मोबाइलमधून मान वर केली. "पापा, सीरियसली? आणि ते सकाळचं काय मग? किचनच्या ओट्याशी उभे राहून तुम्ही बारमध्ये असल्यासारखे एकावर एक छोटे ग्लास मारता!"

"अगं, ती जडीबुटी आहे. औषध थोडंच आहे?"

अपूर्वा सावकाश खुर्चीवर टेकली. "दादा," ती म्हणाली, "उद्या सगळ्या बरण्या पिशवीत भर आणि त्यांना दाखव. प्लीज."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी एकाच कापडी पिशवीत, मेट्रोतून निघालो. मिल्क थिसल माझ्या डोक्यावर आणि गुळवेलीची कांडी माझ्या बरगड्यांत. मी हळदीला म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हे." ती म्हणाली, "तू स्वतःचं बघ, कडू कुठली." मला त्या भांडणाचा मोठा आधार वाटला.

डॉक्टर विनय यांनी आम्हाला टेबलावर एका रांगेत उभं केलं. ठाण्यात संशयितांची ओळखपरेड करतात तशी.

"डॉक्टरसाब, ये तो सब नॅचरल है," श्यामकांत म्हणाला.

"सापाचं विषही नॅचरलच असतं, श्यामकांतजी." हे त्यांनी हिंदीत म्हटलं, पण इतक्या हळू की जास्त लागलं.

मग त्यांनी एकेकीला उचललं. हिरव्या चहाच्या अर्कावर बराच वेळ थांबले. हळदीची बाटली फिरवून फिरवून वाचली. गुळवेलीकडे बघून भुवया चढवल्या. माझी बरणी उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली.

बस्स? माझ्यावर संशयसुद्धा नाही? मी इतकी का क्षुल्लक? तुम्हाला सांगते, त्या टेबलावर मी जितकी जळले तितकी खारी बावलीतही जळले नव्हते. अहो, निदान मुख्य आरोपी तरी मला म्हणा! हळदीला ते मोठेपण कशाला?

"इनमें से कौन, ये मैं नहीं कह सकता," डॉक्टर म्हणाले. "शायद एक, शायद सब मिलकर. आज से सब बंद. सिर्फ खाना कम और चलना ज्यादा. लिवर को मौका दीजिए, वो खुद संभलता है. बस बहन के पास समय ज्यादा नहीं है, इसलिए अब कुछ छुपाइए मत."

श्यामकांतने मान खाली घातली. परतीच्या वाटेवर तो पिशवी पोटाशी धरून बसला होता, आणि दर स्टेशनला आत डोकावून आम्हाला मोजत होता.

त्यानंतर आम्ही वरच्या फळीवर, मागच्या बाजूला. श्यामकांतने ऑफिसात आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. मिश्राजींनी म्हणे तासभर तोंड फिरवलं आणि मग रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्याबरोबर चालायला लागले. छोले-भटुरे सुटले. साखर सुटली. तो कॉलनीच्या बागेत फेऱ्या मारायचा, आणि अपूर्वा बाल्कनीतल्या खुर्चीतून ओरडायची, "दादा, शॉर्टकट मारू नकोस! मला दिसतंय!" आवाज रोज थोडा बारीक व्हायचा. मधे एकदा तिला घाईघाईने दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा तो दवाखान्याच्या व्हरांड्यातही चालत राहिला, असं देवयानी फोनवर कुणाला तरी सांगत होती.

आम्ही फळीवर एकमेकींना शिव्या देणं बंद केलं.

मग एकदा देवयानीचा फोन वाजला. ती स्वयंपाकघरातच होती. ऐकता ऐकता ओट्याला टेकली आणि पदराने डोळे दाबले. "नॉर्मल? सगळं नॉर्मल? अहो, परत एकदा सांगा ना!"

ऑपरेशन झालं. मी तिथे नव्हते, म्हणून खोटं सांगत नाही. घरी परतलेली माणसं तेवढी पाहिली. दोघांच्याही पोटावर लांब शिवण. अपूर्वाचे डोळे पांढरे. पांढरा रंग इतका सुंदर असतो हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या डोंगरावर बर्फ कमी नव्हता.

आज देवयानीने फळी आवरली. आम्हा सगळ्यांना कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बरणी मात्र ठेवली, "चांगली आहे हो, बडीशेप राहील." आता त्या बडीशेपेवरही जळावं लागणार.

डब्यातून मला दार दिसतंय. बहीण-भाऊ खाली फेरी मारायला निघालेत, एक एक पायरी मोजून मापून.

"दादा, हळू. माझं नवीन आहे."

"नवीन कसलं? करोल बागेतल्या गाड्यांच्या बाजारातला सेकंडहँड पार्ट आहे तो. गॅरंटी नाही."

"मग दुकानदाराला सोडायचीच नाही मी."

क्षिप्रा म्हणत होती, श्यामकांतचं उरलेलं लिव्हर आत पुन्हा वाढतंय, आणि अपूर्वाच्या पोटातला तुकडाही. ऐकलंत? मला उपटलं तेव्हा माझ्या डोंगरावर खड्डा राहिला, तो तसाच आहे. आणि हे लिव्हर स्वतःचा तुकडा देतं आणि पुन्हा भरून येतं! वेलदोडा, हळद, ती अमेरिकन मॅडम, सगळ्यांना मी माफ केलं. पण या लिव्हरचा हेवा माझ्या मुळापर्यंत गेलाय, तो जाणार नाही.

कचऱ्याची गाडी आली, तिचं गाणं ऐकू येतंय. जाता जाता एवढंच मागते. डोंगरात मी थोडीच उरलेय, मला उगाच उपटायला लावू नका. आणि तरीही कधी घेतलीतच, तर डॉक्टर विचारतील, "काही घेता का?" तेव्हा लाजू नका. माझं नाव सांगा. मोठ्याने सांगा. आणि कृपा करून हळदीच्या आधी सांगा.