तीन गुलाम

कांदिवलीच्या त्या चाळीत गणपतीच्या मांडवात तीन पत्तीची स्पर्धा व्हायची, पण पैशाला सक्त बंदी. दोन वर्षांपूर्वी साक्षात बाप्पांसमोर दोघांचे शर्ट फाटले, तेव्हापासून मंडळाने चिंचोके आणले. प्रत्येकाला पन्नास. संपले की उठायचं, शेवटी उरेल त्याला बक्षीस. सत्त्याऐंशी सालचं बक्षीस होतं सहा कपबश्यांचा सेट, तोही खोक्यातून बाहेर न काढता हार घालून ठेवलेला.

रविवारी दुपारी दोनला बाराजण सतरंजीवर बसले, ते साडेपाचपर्यंत दोघांवर आले: तळमजल्यावरचे शिवदासकाका आणि वरच्या मजल्यावरचा जयवंत. हरलेले सगळे भोवती बसून फुकटचा सल्ला देत होते. स्वतः पहिल्या तासात उठलेल्यांना अक्कल जरा जास्तच येते. पण शिवदासला तो गलका हवाहवासा वाटत होता. मांडीला मांडी लागली होती, कुणाचा तरी कोपर त्याच्या पाठीत रुतत होता. एवढं खेटून त्याच्याजवळ तीन वर्षांत कुणी बसलं नव्हतं.

चाळीतला पहिला टीव्ही त्याचा. गिरणीचा पगार होता तेव्हा घेतलेला. रविवारी संध्याकाळी अख्खी चाळ त्याच्या खोलीत लोटायची. त्याची बायको रत्नप्रभा पोरांना दटावायची, "सरका रे, जागा करा! दारात उभं राहायचं नाही कुणी." हाच जयवंत तेव्हा मिसरूड फुटलेला, कपाटाला टेकून बसायचा. पुढे गिरणी संपात गेली, रत्नप्रभा आजारात गेली, आणि घरोघरी टीव्ही आले. आता रविवारची संध्याकाळ त्याला खायला उठायची. पण दुसऱ्याच्या दारात जाऊन बसणं त्याला जमलं नाही. ज्याने सगळ्यांना बसवलं, त्याने कुणाकडे बसायला जागा मागायची?

म्हणून तो आज जपून खेळत होता. जिंकायला नाही, टिकायला.

मंडळाचा सेक्रेटरी नंदकुमार याने पानं वाटली. तेवढ्यात वरच्या गॅलरीतून जयवंतच्या बायकोची, शेवंतीची हाक आली, "अहो, संपवा ना आता! पावणेसहाला सिनेमा सुरू होतोय!"

जयवंतने घड्याळ पाहिलं, पानं पाहिली आणि आपला सगळा ढीग मध्ये लोटला. "सगळे लावले. बोला काका, शो की पॅक?"

शिवदासने आपली पानं हळूच उघडली. गुलाम. गुलाम. आणि तिसराही गुलाम.

उभ्या आयुष्यात असा हात त्याला दोनदा आला असेल. नुसतं 'शो' म्हटलं की डाव त्याचाच. पण दोघांपुढचे ढीग सारखेच होते. 'शो' म्हटलं की कुणीतरी एक कफल्लक होणार आणि खेळ खलास. जिंकलो तर टाळ्या, कपबश्या आणि घर. हरलो तर नुसतंच घर. कोपऱ्यातला झाकून ठेवलेला टीव्ही त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"काका, झोपलात काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पॅक," शिवदास म्हणाला आणि पानं पालथी टाकली.

जयवंतने आपली पानं उलटून दाखवली. "सत्ती, पंजी, दुर्री! नुसती हूल दिली यार काका! एवढं काय घाबरायचं?"

हशा पिकला. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी 'भित्रे भागूबाई' म्हणालं. शिवदास सगळ्यांबरोबर हसला. ठेच लागली होती, पण बसले होते ना अजून सगळे.

नंदकुमारने पत्ते पिसले, पुन्हा वाटले. इतक्यात चारी बाजूंच्या खोल्यांतून एकच संगीत सुरू झालं. एकजण उठला. मग दोघे उठले. मग कुणी कुणाला सांगतही बसलं नाही. त्याच्या पाठीतला कोपरही गेला. जयवंत हातातली पानं न बघताच खाली ठेवून उभा राहिला.

"पोरी वाट बघतायत काका. जाऊ दे ना, तुम्हीच जिंकलात." त्याने आपला ढीग शिवदासकडे सरकवला आणि जिना चढून गेला.

नंदकुमारने खोकं पुढे ठेवलं. "झकास खेळलात. पत्ते तेवढे गोळा करा हं." तोही गेला.

शिवदासने पत्ते गोळा केले. तिघे गुलाम बावन्न पानांत कुठेतरी मिसळले होते, आणि ते आले होते हे फक्त त्याला आणि बाप्पाला ठाऊक होतं. मांडवात उदबत्तीखेरीज काही हलत नव्हतं. आपण भित्रेच, त्याला वाटलं. पण पत्त्यांत नाही.

खोकं काखेत मारून तो जिना चढला. प्रत्येक पायरीवर परत फिरावंसं वाटलं. जयवंतचं दार उघडंच होतं. आत सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. त्याने घसा खाकरला. शेवटी एवढंच म्हणाला, "सहा कपांचं मी एकटा काय करू?"

शेवंतीने वळून पाहिलं. जयवंतने पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. शेजारी बसलेल्या मुलीला कोपराने ढोसत तो म्हणाला, "सरका गं, जागा करा काकांना. दारात उभं राहायचं नाही कुणी."

शिवदास बसला. खोकं मांडीवर घट्ट धरून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, पण त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.