बारावं जहाज

आमच्या आदोनारा बेटावर दिवस जहाजांवर मोजतात. दर दोन आठवड्यांनी जहाज धक्क्याला लागतं. म्हणून कुणी म्हणतं म्हातारीला जाऊन तीन जहाजं झाली, कुणी म्हणतं दोन जहाजांनी शाळा उघडेल. मलेशियात पामतेलाच्या मळ्यांवर राबायला गेलेले पुरुष त्याच जहाजाने परत येतात. मी इथली सरकारी सुईण. मी मात्र आठवड्यांत मोजते, आणि माझ्या मोजण्याचा मला भारी ताठा होता.

त्या गुरुवारी सकाळी पेहान बायकोला केसांना धरून फरपटत दवाखान्यात घेऊन आला. बारेकचा ओठ फाटून लोंबत होता, एक डोळा सुजून मिटला होता. पेहानच्या दुसऱ्या हातात कोयता. बाकावर बसलेल्या दोन पोटुशी बाया उठून मागच्या दाराने पळाल्या.

मी त्याला कोयता बाहेर ठेवायला सांगितलं. त्याने तो माझ्या टेबलात असा हाणला की शाईची बाटली उडून फुटली. मग त्याने बारेकचं गुलाबी पुस्तक माझ्या अंगावर फेकलं. प्रत्येक गरोदर बाईला ते मीच देते, आणि त्यात आठवडे मीच लिहिते.

"मोजा," तो म्हणाला. "माझ्यासमोर मोजा."

भीतीपेक्षा मला राग जास्त आला. मेल्याला वाटलं काय, मी पुस्तकात खोटं लिहिते? आणि खरं सांगितलं की बारेक सुटेल, असंच मी धरून चालले. तिला खाटेवर निजवलं. ती माझं मनगट धरून काहीतरी सांगू पाहत होती. तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते, शब्द फुटत नव्हता.

"बोलू नकोस गं, पोट हलतं," मी तिला दटावलं.

ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या माथ्यापर्यंत फीत लावली. चोवीस सेंटिमीटर; जितके सेंटिमीटर, तितके आठवडे. पुस्तकाशी तंतोतंत जुळलं. मनात मी स्वतःची पाठसुद्धा थोपटली असेल. मी मोठ्याने सांगितलं, "चोवीस आठवडे. आहे तेच लिहिलंय."

पेहान बोटांवर जहाजं मोजत होता. दोनदा मोजली. "मी उतरलो त्याला आज अकरा जहाजं झाली," तो म्हणाला. "चोवीस आठवड्यांची बारा होतात, बाई. बाराव्या जहाजाने सुबान आला होता."

सुबान त्याचा थोरला भाऊ. दोघे एकाच मळ्यावर होते. मुकादमाने पेहानला एक जहाज मागे ठेवून घेतलं, आणि सुबान त्याची पेटी घेऊन पुढे आला. ती पेटी त्याने बारेकच्या घरी नेऊन दिली, जेवून गेला. सगळ्या गावाने पाहिलं होतं.

पेहानने टेबलातला कोयता उपसला. बारेक खाटेवरून उठून त्याच्या पायांना बिलगली. त्याने तिच्या छातीवर लाथ घातली, ती भिंतीवर आदळली, आणि तो निघून गेला.

मी तिला सावरायला वाकले. तिने माझा कान तोंडाशी ओढला आणि अडखळत म्हणाली, "सुबानदादा आले... त्या दिवशी पाळी आली होती... तुम्हीच लिहून घेतलं."

मीच लिहून घेतलं होतं. आम्ही आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतो. गर्भ त्यानंतर पंधरा दिवसांनी राहतो. पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी आम्ही ते मोजतो. शिकवलंच तसं, आणि एकवीस वर्षांत एकाही नवऱ्याला हे सांगावं असं मला सुचलं नव्हतं.

मी अनवाणीच धावले. सुबान रोज सकाळी ताडी काढायला चढतो, ते झाड समुद्राच्या वाटेवर आहे. मी ओरडत होते, पण वारा समोरून होता.

मी पोचले तेव्हा सुबान झाडावरून उतरत होता, दोन्ही हात बुंध्याला, कमरेला ताडीने भरलेला बांबूचा नळा. धाकट्याला खाली पाहून त्याने हसून विचारलं, "ताजी घेतोस का रे?" पेहानने त्याच्या दोन्ही घोट्यांवर कोयता घातला. सुबान खाली आला तो किंचाळतच. पेहानने पुढचा घाव मानेवर घातला, मग खांद्यावर, मग आणखी एक. ताडी आणि रक्त एकाच खड्ड्यात साचलं.

मी पेहानच्या हातावर झडप घातली. माझा तळवा उभा चिरला. तरी मी त्याला सोडलं नाही, आणि तिथेच, धापा टाकत, सगळं सांगितलं. पाळी. दोन आठवडे. पोर त्याचंच, त्याच्याच जहाजाचं.

मग मी सुबानची मान रुमालाने दाबून धरली. बोटांखाली नाडी होती, मग राहिली नाही.

पेहान मातीत बसला. रक्ताने माखलेली बोटं एकेक करून दुमडत त्याने पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. अकराशी थांबला. परत मोजलं.

"मग ते दोन आठवडे कुणाचे, बाई?" त्याने विचारलं.

"कुणाचेच नाहीत," मी म्हणाले.