यतीनने पारखलेले रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी दीडशे वर्षांचे एक जुने रिव्हॉल्व्हर आहे आणि यतीन नावाच्या एका माणसावर माझा फार राग आहे. राग का, ते सांगते. पण आधी माझी ओळख.

मी अमेरिकेतल्या एका कारखान्यात जन्मले. तळहाताएवढे, पाच गोळ्यांचे. घोडा गोळीच्या बुडाच्या कडेवर आपटला की आतली दारू पेटायची. माझ्या मापाच्या गोळ्या आता कुणी बनवत नाही. अंगाला निकेलचा मुलामा, मूठ शिसवी लाकडाची. सांगाड्यावर, फिरत्या चक्रावर आणि मुठीच्या आतल्या बाजूला कारागिराने एकच नंबर ठोकला, ४१७. जहाजाने मी ऑस्ट्रेलियात आले आणि बॅलरॅट या सोन्याच्या खाणींच्या गावात एका सोने खरेदी करणाऱ्याच्या मेजाच्या खणात राहिले. त्याने मला दोनदा झाडले, दोन्ही वेळा सापावर. साप दोन्ही वेळा आरामात निघून गेला. पुढे कितीतरी वर्षे मी एका शेडमध्ये, खिळ्यांच्या डब्यात पडून होते.

तिथून लिलावात मला मार्शलने घेतले. मार्शल मूळचा वसईचा, राहायला इथल्याच क्लेटन उपनगरात, पेशाने इंजिनिअर. परवाना, लोखंडी कपाट, सगळे त्याने नीट करून घेतले होते. यतीन पुण्याचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला पॉइंट कुकमध्ये राहणारा आयटीवाला. दोघांची ओळख जुनी शस्त्रे जमवणाऱ्यांच्या क्लबात झाली. दर दुसऱ्या शनिवारी यतीन गाडी काढून यायचा आणि ऑलिव्हच्या हातचे जेवून रात्री परतायचा. ऑलिव्ह म्हणजे मार्शलची बायको. तिला आमचा हा प्रकार आवडत नसे. ती कपाटाच्या खोलीत कधी फिरकली नाही.

पारख मार्शलला यतीननेच शिकवली, हे मान्य करायला हवे. “घासून चकचकीत केलंस तर संपलं,” तो म्हणायचा. “जुना मुलामा झिजलेला असू दे. आणि नंबर बघ. तिन्ही जुळले तर माल अस्सल.” मग एका दुपारी मार्शलने माझ्या मुठीचा स्क्रू काढला आणि लहान मुलासारखा ओरडला, “यतीन, तिन्ही सेम आहेत!”

यतीनने मला हातात घेतले. त्याची बोटे मला तेव्हाच आवडली नाहीत. “मला दे,” तो म्हणाला. मार्शल हसून नाही म्हणाला. त्यानंतर यतीन प्रत्येक वेळी मागत राहिला. आधी गमतीने, मग चिडून. शेवटच्या शनिवारी तो जेवायला न थांबताच गेला.

फेब्रुवारीत मार्शल ऑफिसमध्येच कोसळला. हृदय बंद पडले होते.

महिन्याभराने ऑलिव्हने यतीनलाच बोलावले. कपाटातले सगळे तिला काढून टाकायचे होते आणि तिच्या माहितीतला जाणकार तोच. डायनिंग टेबलावर टॉवेल पसरून आम्हाला मांडले. ऑलिव्हची मुलगी लिझा युनिव्हर्सिटीतून आलेली, बाजूला उभी होती.

यतीनने भिंग लावून मला पाहिले. मुठीचा स्क्रू त्याने काढलाच नाही. मला खाली ठेवून त्याने सुस्कारा टाकला.

“वहिनी, काय सांगू. जोडतोड आहे हे. चक्र दुसऱ्याचं, मुलामा नंतरचा. नंबर जुळत नाहीत. दोनशे डॉलर कुणी दिले तर नशीब. तुमच्यासाठी मी तीनशे देतो.”

“पण मार्शल तर म्हणायचा, हेच सगळ्यात चांगलं.”

“मार्शलला हौस होती वहिनी, पारख नव्हती. लोक त्याला काहीही विकायचे.”

मित्रांनो, माझ्याकडे एक जरी गोळी असती तर! दीडशे वर्षांत पहिल्यांदा मला असे वाटले.

लिझा पुढे झाली. ड्रॉवरमधला छोटा स्क्रूड्रायव्हर आणून तिने माझी मूठ उघडली आणि फोनचा टॉर्च धरला.

“Read it, यतीन अंकल.”

“अगं, तुला यातलं काय कळतं?”

“नंबर वाचता येतात मला. फोर वन सेव्हन. इथे फोर वन सेव्हन. इथेपण. डॅडने मला दाखवलेलं.”

यतीनचा चेहरा पडला. पण तो थांबला नाही. “बरं, माझी नजर चुकली असेल. दोन हजार. वहिनी, तीन हजार देतो. आत्ता ट्रान्सफर करतो.”

ऑलिव्हने टॉवेलची कड माझ्यावर ओढली. मग म्हणाली, “दहा वर्षं या टेबलावर जेवलास तू, यतीन. आणि याच टेबलावर माझ्या मेलेल्या नवऱ्याला मूर्ख म्हणालास. निघ.”

“वहिनी, ऐका तरी...”

“Get out!” लिझा ओरडली.

बाकीची शस्त्रे ऑलिव्हने एका दुकानदाराला दिली. मला मात्र तिने लिझाकरवी एका डब्यात वेगळे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात घेऊन निघाली. गाडीत लिझा रडत होती. “मम्मी, डॅडचं सगळ्यात फेव्हरिट होतं ते.”

“त्याचा चष्मा ठेव. त्याचं घड्याळ ठेव. याच्यासाठी माणूस माझ्या घरात खोटं बोलला. मला हे कुणाच्याच घरात नको.”

काउंटरवरच्या पोलिसाने मला उलटसुलट पाहिले आणि विचारले, “म्युझियमला विचारू का? जुनं दिसतंय.”

“नको,” ऑलिव्ह म्हणाली. “तोडून टाका.”

माझा राग तिच्यावरही आहे, खोटे कशाला बोलू? मी कुणाचे काय बिघडवले होते? आता मी नळ्या कापलेल्या बंदुकांच्या शेजारी, गळ्यात चिठ्ठी अडकवून पडले आहे. सोमवारी आम्हाला भट्टीकडे नेणार आहेत.

पण इथे पडल्या पडल्या मला मार्शलचाही राग येऊ लागला आहे. माझी खोड न् खोड त्याने यतीनला सांगितली. लिझाला नंबर दाखवले. जिच्या घरात मी राहिले, तिला मात्र ‘सगळ्यात चांगलं’ यापलीकडे मी कोण, कुठले, किती मोलाचे, यातले काहीच सांगितले नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू जिवापाड जपलेली असेल, तर तिची खरी हकिकत आधी घरच्यांना सांगा. ऐकायचा कंटाळा करतील, तरी सांगा.

डब्यातून काढून काउंटरवर ठेवताना ऑलिव्हने मला हातात धरले. एवढ्या वर्षांत तेवढे एकदाच. मी किती हलके आहे याचे तिला नवल वाटलेले दिसले.