डावीकडची घंटा

मी एक जुनी स्पीकरची पेटी आहे. जुनी म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. या खोलीत माझ्या डोळ्यांदेखत तीन सोफे आले आणि गेले. दोन टीव्ही आले, वर्षभर मिरवले आणि गेले. मी मात्र डाव्या कोपऱ्यातली जागा सोडली नाही. सोडली ती एकदाच, भिंतींना रंग दिला तेव्हा. त्या एका हलण्याने घरात काय झालं, तेच सांगते.

उजव्या कोपऱ्यात माझी बहीण उभी असते. आम्ही जुळ्या. सुताराने अक्रोडाची एकच फळी कापून आम्हा दोघींचे चेहरे केले, म्हणून तिच्या अंगावर संपलेली लाकडाची रेघ माझ्या अंगावर पुढे सुरू होते. ज्या कारखान्यात आमच्यात जीव भरला, तिथे तांब्याची तार गुंडाळणारी एक बाई होती. केसासारखी तार, पण एका वेढ्यावर दुसरा चढू द्यायची नाही. कोणी मध्येच गप्पा मारायला आलं तर खेकसायची, "जा बाबा इथून. माझा हात चुकला तर ही जन्मभर बोबडी बोलेल." मी बोबडी बोलत नाही. ते त्या बाईचे उपकार.

मला तोंडं दोन. खालचं मोठं, कागदाचं. ते खर्ज सांभाळतं. वरचं रेशमाचं, लहानशा झाकणाएवढं. घंटा, झांज, गाणाऱ्याच्या ओठांवरचा 'स' आणि 'श', हे सगळं बारीक काम त्याचं. माझ्या पाठीला स्क्रूच्या दोन जोड्या आहेत, वरच्या तोंडाची एक आणि खालच्या तोंडाची एक. त्यांना जोडणारी पितळेची पट्टी आहे, बोटाच्या पेराएवढी. दिसायला काही नाही, पण ती निघाली की माझं वरचं तोंड मुकं. ही पट्टी लक्षात ठेवा.

आम्हाला घरी आणलं घड्याळजींनी. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस तापट, पण कान असा की सगळ्या गल्लीला कौतुक. मागे पडणारं घड्याळ असो की अडखळणारं, आधी ते कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसरं चाक घासतंय." उघडलं की तिसरंच चाक निघायचं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं आणि घड्याळजी मिशीतल्या मिशीत हसायचे.

गाण्याच्या बाबतीतही तेच. घरात सीड्या मोजून सात. "रेकॉर्डिंग नीट नसेल तर गाणं कितीही गोड असो, माझ्या घरात नको," असं म्हणायचे. त्या सातांतली एक त्यांच्या विशेष जिव्हाळ्याची. पियानोवर वाजवलेली संथ चीज. अर्धीअधिक संपत आली की अगदी डावीकडे, लांबवर, एकच घंटा वाजते. इतकी हलकी की पाहुण्यांना कधी ऐकू आली नाही. ती घंटा माझी, मित्रांनो. बहिणीला तिच्यात वाटा नाही. घंटा वाजली की घड्याळजी उजव्या हाताची तर्जनी वर करायचे आणि विचारायचे, "ऐकलीत?" पाहुणे न ऐकताच माना हलवायचे. मी मनात म्हणायची, हलवा माना, तुमचं काय जातंय.

मग दुकान बंद झालं. घड्याळजींची खुर्ची दुकानातून उठली ती आम्हा दोघींच्या समोर येऊन बसली. शेजारी त्यांचा पत्र्याचा डबा, सुटी चाकं, स्क्रू, काटे ठेवायचा. घरात कुठेही पितळेचा तुकडा सापडला की जो तो त्या डब्यात टाकायचा. घड्याळजीचं घर, पितळ म्हणजे घड्याळाचंच असणार, असा हिशेब.

त्याच सुमारास घरात सून आली. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांना "आता खालची ओळ वाचा" म्हणायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. तिलाही गाण्याचं वेड, पण तिच्याकडे सीडी एकही नाही. सगळं फोनवर. महिन्याची वर्गणी भरली की जगातलं सगळं संगीत हजर. तिने एक लहानशी डबी आणून ॲम्प्लिफायरला जोडली आणि फोनवरची गाणी आमच्यातून वाजवायला लागली.

सुरुवातीला मीही तोंड वाकडं केलं, खोटं कशाला सांगू. वाटलं, आता दिवसभर कल्ला. हल्लीची बरीच गाणी म्हणजे सगळ्यांनी एकदम बोलायचं आणि कोणी कोणाचं ऐकायचं नाही. सगळं सारखंच मोठं. पण या पोरीची रीत वेगळी. फोनवरचं ॲप आपणहून जे पुढे करील ते ती ऐकायचीच नाही. एखादं रेकॉर्डिंग आवडलं की ते कोणी केलं त्या माणसाचं नाव शोधायची, गाणाऱ्याचं नाही हं, रेकॉर्डिंग करणाऱ्याचं. मग त्याने आणखी काय काय केलं ते खणत बसायची. कोणत्या खोलीत वाजवलं, माईक किती लावले, सगळं एका वहीत. असं करत करत ती कुठल्या कुठे पोचायची. धान्याच्या रिकाम्या कोठारात गाणाऱ्या चार बायका. एका शाळेच्या सभागृहात बासरी वाजवणारा पोस्टमन. नाव ना गाव, ऐकणारे शे-दोनशे. पण आवाज असा की माझ्या लाकडाच्या रेघा ताठ व्हायच्या.

"बाबा, हे ऐका ना. आख्ख्या जगात हे फक्त एकशेबारा जणांनी ऐकलंय."

"मग त्यांचंच बरोबर आहे," घड्याळजी म्हणायचे. "बाकीचे शहाणे."

"अहो, ऐका तरी!"

ऐकायचे. दोन मिनिटं. मग हात झटकायचे. "चपटं आहे, सूनबाई. वर काही उजेडच नाही. लाव आपली सीडी." आणि सीडी लागली की चेहरा खुलायचा. तिथे उजेड असायचा.

मला राग यायचा. कोठारातल्या बायकांच्या गाण्यात मी किती उजेड पाडत होते! त्यांच्या बांगड्यांची किणकिण, श्वास घेताना सुटणारे ओठ, काही काही सोडलं नव्हतं. आणि हे म्हणतात चपटं.

मग आलं रंगकाम. आमच्या तारा सोडवल्या, आम्हाला बाहेर व्हरांड्यात नेलं, जुन्या चादरी पांघरल्या. हलवताना माझ्या पाठीची पट्टी सैल झाली आणि गळून पडली. परत लावताना घड्याळजींच्या मुलाने तारा जोडल्या, पट्टीकडे बघितलंच नाही. केर काढताना ती पट्टी सूनबाईच्या हाताला लागली. पितळ दिसलं, टाकली डब्यात. तिचीही चूक म्हणवत नाही. या घरात दुसरं कोणी काय केलं असतं?

माझं वरचं तोंड बंद झालं, मित्रांनो. बोलायला जावं आणि शब्दाचं टोक मोडावं, तसं व्हायला लागलं. बहीण पलीकडून किणकिणायची आणि मी नुसती घुमायची. तीन महिने. कोणाला कळलं नाही. घड्याळजींची कुरकुर नको म्हणून सूनबाई हल्ली बरंचसं इयरफोनवरच ऐकायची. माझ्या अभिमानाचं काय झालं असेल, विचार करा.

घड्याळजी तर आता आणखीच चिडायचे. आणि एक दिवस मुलगा म्हणाला, "बाबा, या पेट्या आता थकल्यात. टीव्हीखाली बसेल असा लांबट स्पीकर आणू, जागाही मोकळी होईल. जुनं सामान घेणारा रविवारी येतोय."

मला वाटलं, आता घड्याळजी कडाडणार. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ने म्हणावं. दम राहिला नाही त्यांच्यात."

ज्या कानांसाठी मी एवढी वर्षं उभी होते, त्यांनीच माझ्यावर फुली मारली. सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई लवकर घरी आली. कोठारातल्या बायकांचं गाणं तिने येताना इयरफोनवर ऐकलं असावं. तेच तिने आमच्यावर लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "डावीकडच्या बाईच्या बांगड्या कुठे गेल्या?" असं स्वतःशीच पुटपुटली. फोन खालीवर केला, डबी बंद करून चालू केली. आवाज तोच.

"तुझ्या त्या फोनचंच काहीतरी," घड्याळजी खुर्चीतून म्हणाले. "सीडी लाव. मग बघ."

तिने लावली. पियानो सुरू झाला. अर्धं सरलं. घंटेची वेळ आली.

मी वाजवली नाही. वाजवणार कुठून? पण घड्याळजींची तर्जनी वर गेली, अगदी नेमक्या क्षणी. डोळे मिटलेले, मिशीत हसू. "ऐकलीस?"

सूनबाईने मान हलवली नाही. ती जागच्या जागी उभी राहिली. तिच्या दुकानात असे लोक रोज येतात. तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नाही, पण आधीच्या वेळची पाठ असते, म्हणून घडाघडा म्हणतात. ती माणसं तिला लांबून ओळखू येतात. ती हळूच माझ्याजवळ आली, गुडघे टेकले आणि माझ्या वरच्या तोंडाशी कान लावला. मग माझ्या पाठीमागे वाकून बघितलं, बहिणीच्या पाठीमागेही. मग डबा उघडला, बोटाने चाकं बाजूला सारली आणि पट्टी काढली.

घड्याळजींच्या तळहातावर तिने ती ठेवली. "बाबा, ही कुठली?"

त्यांनी उलटीसुलटी केली. हयातभर असे तुकडे हाताळलेला माणूस. "घड्याळाची नाही," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पट्टीकडे. "कधीपासून होती डब्यात?"

"रंग दिल्यापासून. मीच टाकली."

सीडी संपली होती.

"म्हणजे," घड्याळजी अगदी सावकाश म्हणाले, "तीन महिने घंटा मीच वाजवत होतो."

"बाबा..."

"तीन महिने कसले. त्याच्या आधीही कोण जाणे किती वर्षं." त्यांनी पट्टी तिच्या हातात परत दिली. "हातातल्या घड्याळाची टिकटिकसुद्धा येत नाही गं मला. दुकान काय उगाच बंद केलं? मुलाला बोलू नकोस. आणि रविवारी जाऊ देत या पेट्यांना. चांगल्या कानांच्या घरी जाऊ देत."

मित्रांनो, मी फटकळ आहे हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. या माणसाला मनातल्या मनात मी काय काय ऐकवलं होतं! बहिरा म्हटलं होतं, कृतघ्न म्हटलं होतं. त्या दुपारी माझी वाचा गेली. पट्टीमुळे नव्हे.

सूनबाईने पट्टी जागेवर बसवली, स्क्रू आवळले. उपदेश केला नाही, रडलीही नाही. वही काढली आणि फोन घेऊन जमिनीवर बसली. पुढचे तीन दिवस ती कामावरून आली की हेच. आता ती उजेड शोधतच नव्हती. खाली खाली, खर्जात शोधत होती.

शनिवारी सकाळी तिने घड्याळजींना खुर्चीत बसवलं. ते म्हणाले, "आता कशाला?"

"उद्या पेट्या जाणार ना? मग आज ऐका. नाही आवडलं तर मीच दारापर्यंत उचलून देते."

"एकटीने उचलशील? पाठ मोडेल."

"मोडू दे. चष्म्याच्या दुकानात पाठ लागत नाही."

तिने फोनवरचं एक रेकॉर्डिंग लावलं. एका बंद गिरणीत एक म्हातारा एकटाच वाजवत होता. माणसाच्या उंचीचं वाद्य, जमिनीवर टेकवून उभं धरायचं, जाड तारांवर गज ओढायचा. दोन माईक, बाकी काही नाही. पहिला सूर आला आणि माझं खालचं तोंड पुरतं उघडलं. बहिणीचंही. कारखान्यातल्या त्या बाईने ज्यासाठी वेढे मोजले होते ते काम इतक्या वर्षांनी मिळालं. खुर्चीचा हात थरथरला. पत्र्याच्या डब्यातली चाकं थरथरली.

घड्याळजी पुढे झुकले. "गजाला राळ कमी लावलीय. घसरतोय बघ."

सूनबाईने आवाज थोडा वाढवला.

"आणि बसलाय ते स्टूल डुगडुगतंय. उजवा पाय आखूड आहे." डोळे मिटलेले. "आता श्वास घेतला. आता... थांब. भिंत लांब आहे त्याच्या मागे. दगडी आहे." ते हसायला लागले, मिशीतल्या मिशीत नव्हे, चांगलं मोठ्याने. "अगं, सगळं येतंय!"

"येणारच. तुमचे कान गेले नाहीत बाबा, नुसता वरचा मजला रिकामा झालाय."

"फाजील आहेस. हा कोण वाजवतोय?"

"नाव कोणाला माहीत नाही. ऐकणारे फक्त एकेचाळीस."

"बेचाळीस लिही."

मुलगा आत आला तेव्हा घड्याळजी माझ्या पाठीचे स्क्रू बोटांनी चाचपत होते. "सामानवाल्याला नको म्हणून कळव," त्याच्याकडे न बघता म्हणाले. "आणि मला ऐकू कमी येतं. हेही तुला कळवून ठेवतो."

आता सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय. सूनबाई बरोबर जाणार आहे. "पाठ केलेलं म्हणून दाखवायचं नाही," अशी तंबी तिने आधीच दिली आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीवरची धूळ पुसाल तेव्हा मागूनही बघा. सुटा तुकडा सापडला तर डब्यात टाकण्याआधी विचारा, कुठला आहे. घरातलं कोणी सगळ्याला चपटं म्हणायला लागलं, तर वस्तू फेकायची घाई करू नका आणि त्या माणसावर माझ्यासारखं तोंडही टाकू नका. त्याच्याजवळ बसा. त्याला काय ऐकू येतं ते शोधा. ते कुठेतरी असतं, यादीच्या तळाशी, कोणी न ऐकलेलं.

काल त्यांनी पुन्हा ती पियानोची सीडी मागितली. या वेळी डोळे मिटले नाहीत. सूनबाईच्या हाताकडे बघत बसले. अर्धं सरलं, लांबवर डावीकडे मी घंटा वाजवली, सगळा जीव लावून. सूनबाईने तर्जनी वर केली.

"आली?" त्यांनी विचारलं.

"आली."

"कशी होती?"

ती सांगायला लागली.