जारातला नमुना

ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लागला: बोअरचं पाणी तपासणीत पिण्यास योग्य, सोमवारपासून टँकर बंद.

कोकिळानं तो दोनदा वाचला. नांदुरा तालुक्यातलं, जमिनीखाली खारंच पाणी लागणाऱ्या खारपाणपट्ट्यातलं गाव. बोअरच्या पाण्यात चहा केला की दूध फाटायचं, तुरीची डाळ शिजता शिजत नसे. टँकर सुरू होण्याआधी वर्षानुवर्षं तेच पाणी पिऊन तिच्या नवऱ्याच्या, गोकुळच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला खामगावला न्यावं लागे.

ती तडक पाण्याचा नमुना भरणारा पंचायतीचा शिपाई कचरू याच्या घरी गेली.

"नमुना कुठून भरला बे?"

कचरू घरात जायला वळला.

"तोंड उघड! माह्या नवऱ्याचं रगत मशीनीतून फिरून राह्यलं, अन् तुमी लिहिता पाणी चांगलं?"

"सरपंच म्हणे, फिल्टरच्या जारातलं भर," तो पुटपुटला. "बोअरचा नमुना नापास झाला तं स्वच्छ गावाचं बक्षीस जाते म्हणे."

"हे लिहून दे. सही कर."

त्यानं लिहून दिलं. तो कागद घेऊन ती सरपंचासमोर उभी राहिली. महादेवराव हसले. "वहिनी, कागदाची गोष्ट हाय ते. एवढं काय मनावर घेता?"

"तुमच्या घरी जार येते, भाऊ. आमी काय कागद पेयाचा?"

त्यांचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी कोकिळा आणि गावातली आशा कार्यकर्ती रेणुका यांनी बोअरवर बाटली भरली, चार बायांच्या देखत तिला सील लावलं आणि एसटीनं बुलडाणा गाठलं. प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला, "नमुना ग्रामपंचायतीकडूनच यावा लागतो."

"त्यायनं काय पाठोलं ते वाचा," म्हणत तिनं कचरूचा कागद टेबलावर आपटला.

त्यानं तो वाचला आणि बाटली घेतली.

आठवड्यानं अहवाल आला: पिण्यास अयोग्य. तिसऱ्या दिवशी टँकर पुन्हा आला. मधल्या दिवसांत बाकी सगळं गाव तेच खारं पाणी प्यायलं होतं, लेकराबाळांसकट.

संध्याकाळी महादेवराव दारात आले. "झालं ना आता? तक्रार नका करू. आपसात मिटवू."

खाटेवरून गोकुळही म्हणाला, "सोड वं. पाणी आलं ना."

"पाणी आलं. यायनं लोकायले इख पाजलं त्याचं काय?" तिचा आवाज गल्लीत घुमला. "सरपंच, निंघा."

गुरुवारी गोकुळला मशीनवर लावून ती खामगावच्या पोलीस ठाण्यात गेली. तक्रारीत पहिलं नाव महादेवरावांचं होतं.